केंब्रिजला एक दिवस: सांगलीकराने नेमकं काय बघावं?

विश्रामबागकर | ९ मे, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. सध्या मुलीकडे लंडनला आलोय, सौ. बरोबर आहे. ६ जूनला परतीचं विमान. धाकट्या भावाचं घर गावभागात आहे आणि २०१९ च्या पुरापासून पावसाळ्यात आम्ही सगळे सांगलीत हजर असलंच पाहिजे असा घरचा नियम झालाय.

मुलगी-जावई आठवडाभर ऑफिसात. एखाद्या मधल्या वारी आम्ही दोघंच रेल्वेने केंब्रिजला जावं म्हणतोय. सकाळी जायचं, रात्री परत. सौ.चे गुडघे बोलतात, त्यामुळे चालणं बेतानंच.

आता केंब्रिजच का, ते सांगतो. शाळेत आमचे गणिताचे मास्तर उत्तर चुकलं की म्हणायचे, "या रँग्लर, फळ्यापाशी या." आठवीपर्यंत माझी समजूत अशी की रँग्लर म्हणजे मठ्ठ मुलगा. पुढं कॉलेजात भिंतीवरच्या एका फोटोखाली 'रँग्लर' लिहिलेलं पाहिलं आणि वाटलं, अरेरे, या गृहस्थांचा असा जाहीर अपमान कशाला! तर हा शब्द जिथं तयार होतो ती जागा मला एकदा बघायची आहे. इंटरनेटवरच्या याद्यांत सारखं चॅपल आणि होडी, चॅपल आणि होडी. रँग्लरची अशी काही जागा आहे का? आणि एका दिवसात काय जमेल?

कृष्णाकाठ | ९ मे, रात्री १०:५२

भडंग न्या. बाकी सगळं तिथं मिळतं.

थेम्सकाठची_सुगरण | १० मे, पहाटे ४:१५

काका, मी मूळची खणभागातली, इथं अकरा वर्षं झाली. पाहुणे आले की केंब्रिजला नेणं हे माझं खातं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

किंग्ज क्रॉसवरून जलद गाडी पकडा, पन्नास मिनिटांच्या आसपास पोचवते. लिव्हरपूल स्ट्रीटवरूनही गाड्या आहेत पण वेळ जास्त लागतो. सकाळची ऑफिसची गर्दी उलटून गेल्यावरचं तिकीट काढा, बरंच स्वस्त पडतं. स्टेशन गावापासून लांब आहे, दीड-दोन किलोमीटर. काकूंना चालवू नका, स्टेशनबाहेरून बस मिळते.

सोमवारी जाऊ नका. फिट्झविल्यम म्युझियम सोमवारी बंद असतं. तिथं प्रवेश फुकट, बसायला बाकडी आणि स्वच्छ स्वच्छतागृह. आपल्या वयाच्या पाहुण्यांना (आईवर प्रयोग करून सांगतेय) दुपारी दोन वाजता रुबेन्स-टिशियनच्या चित्रांपेक्षा बाकडंच जास्त आवडतं.

आता वाईट बातमी. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांचा हंगाम असतो. बरीच कॉलेजं त्या काळात बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. म्हणजे तुमच्या तारखांना अर्धं केंब्रिज फाटकाबाहेरूनच बघावं लागेल. किंग्जचं चॅपल सहसा उघडं असतं, पण तिकीट आहे. यावर एक उपाय: सत्र चालू असताना संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तिथं गायनाची प्रार्थना असते, तिला फुकट बसता येतं. पाऊण तास आधी रांगेत उभं राहायचं.

घाटावरचा | १० मे, सकाळी ८:३०

केंब्रिज कशाला? ऑक्सफर्डला जा. मोठं शहर, बघायला जास्त. ग्रंथालयाची ती गोल घुमटाची इमारत, रॅडक्लिफ कॅमेरा, नुसती बाहेरून बघितली तरी पैसे वसूल. आणि केंब्रिज हे ऑक्सफर्डमधून पळालेल्या मास्तरांनीच काढलं ना? १२०९ साली तिकडं गावकऱ्यांशी मारामारी झाली, काही जण जीव वाचवून केंब्रिजला आले, तिथं शिकवणी सुरू केली. म्हणजे मूळ दुकान सोडून तुम्ही शाखेत चाललाय.

आणि ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटची इमारत आहे, तिच्या माथ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा चक्क अंबारीसकट हत्ती आहे. आपल्या माणसाला असलं बघून बरं वाटतं.

पुलावरून_कॉलेजला | १० मे, सकाळी ९:०५

ह्या भांडणाचा निकाल सांगलीत कधीच लागलाय. लॉर्ड विलिंग्डन शिकले केंब्रिजच्या ट्रिनिटीत. लॉर्ड आयर्विन शिकले ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये. १९१९ ला आपण केंब्रिजवाल्याच्या नावाने कॉलेज काढलं, १९२९ ला ऑक्सफर्डवाल्याच्या नावाने पूल बांधला. माझे वडील सांगलीवाडीहून रोज सायकलवरून ऑक्सफर्ड ओलांडून केंब्रिजला जायचे. डबल ग्रॅज्युएट म्हणायला हरकत नाही.

भावा_थांब_की | १० मे, सकाळी ९:०७

लई भारी! आणि पावसाळ्यात ऑक्सफर्डवरच पाण्याची पातळी मोजत्यात. केंब्रिज कोरडंठाक.

वितंडवादी | १० मे, सकाळी ११:४८

विश्रामबागकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते चॅपलच्या अगदी शेजारी आहे. जागेचं नाव सेनेट हाउस.

आधी शब्द. इंग्रजीत 'रँगल' म्हणजे हुज्जत घालणे. जुन्या काळी तिथली परीक्षा लेखी नव्हतीच. विद्यार्थ्याने एक विधान मांडायचं आणि समोरच्याने ते खोडायचं, सगळं लॅटिनमध्ये. जो उत्तम हुज्जत घालेल तो रँग्लर. पुढं पेपर लेखी झाले, विषय मुख्यतः गणित राहिला, नाव चिकटलं ते चिकटलंच. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला वर्ग मिळाला की रँग्लर, आणि त्या सगळ्यांत पहिला तो सीनियर रँग्लर. म्हणजे रँग्लर दरवर्षी पुष्कळ होतात, सीनियर रँग्लर एक. र. पुं. परांजपे १८९९ चे सीनियर रँग्लर, कॉलेज सेंट जॉन्स. हा मान मिळवणारे पहिले भारतीय. 'रँग्लर परांजपे' हे आपल्याकडे जवळजवळ जोडनावच झालं.

निकाल सेनेट हाउसमध्ये वाचून दाखवत. गणिताचा निकाल तसा वाचण्याची प्रथा अजून आहे, पण तो जूनमध्ये, तेव्हा तुम्ही सांगलीत. क्रमांक लावणं मात्र १९०९ नंतर बंद झालं. आता नावं वर्णानुक्रमाने.

आणि शेवटच्या क्रमांकाची कथा तर पहिल्याहून रंगतदार. ऑनर्समध्ये जो सर्वांत शेवटी पास होई त्याला पदवी घेताना मित्र वरच्या सज्जातून दोरीने लाकडी चमचा सोडत. आधी साधा चमचा असावा, पुढं पुढं तो वाढत होडीच्या वल्ह्याएवढा झाला. शेवटचा चमचा १९०९ चा, तो वल्ह्याच्याच लाकडाचा होता.

कृष्णाकाठ | १० मे, सकाळी ११:५५

चमच्याची प्रथा विलिंग्डनला असती तर आमच्या घरात स्वयंपाकघर भरलं असतं.

नांगरट | १० मे, दुपारी १:२०

मला हे सगळं जरा चीड आणतं. साहेबाच्या गावात, साहेबाच्या परीक्षेत आपला एक माणूस पहिला आला, आणि सव्वाशे वर्षं आपण त्या नावाला हळदीकुंकू वाहतोय. काकांनी जरूर जावं, पण तीर्थयात्रा कशाला? इथं तालुक्याच्या कॉलेजात गणिताला प्राध्यापक नाही. तिकडच्या फाटकाबाहेर उभं राहून फोटो काढायचे आणि इकडच्या फाटकातून आत कोण जातंय ते बघायचं नाही.

सातारी_कंदी | १० मे, दुपारी २:०२

नांगरट, अर्धं मान्य. विलिंग्डन निघालं त्याच १९१९ साली कर्मवीरांनी कराड तालुक्यातल्या काल्यात रयतची सुरुवात केली. तिथं ना चॅपल ना हिरवळ. माझे आजोबा 'कमवा आणि शिका'त विहीर खणून मॅट्रिक झाले. त्यांना कुणी सेनेट हाउस दाखवलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, ह्या हिरवळीला पाणी कोण घालतं?

उरलेलं अर्धं अमान्य, कारण सातारकर म्हणून मला रँग्लर महाजनींचा हक्क सांगायचा आहे. ते साताऱ्याचे, सेंट जॉन्सलाच शिकले, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. सांगलीवाल्यांनी पूल आणि कॉलेजची नावं घ्यावीत, आम्ही माणूस घेतो.

वितंडवादी | १० मे, दुपारी ३:३०

नांगरट यांचा राग समजतो, फक्त एक भर घालतो. ह्या परीक्षेवर सगळ्यात जास्त चिडलेला माणूस केंब्रिजचाच होता. परांजपे पहिले आले त्याच्या आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, गणिती जी. एच. हार्डी चौथे आले होते. हार्डींचं म्हणणं, ही गणिताची परीक्षा नाही, युक्त्या पाठ करून वेगाने गणितं सोडवायची शर्यत आहे. क्रमांक बंद व्हावेत म्हणून झटणाऱ्यांत ते होते. आणि १९१४ मध्ये ज्याला त्यांनी ट्रिनिटीत आणवलं तो रामानुजन ट्रायपॉसला बसलाच नाही. १९१६ मध्ये त्याला संशोधनावर पदवी मिळाली, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. एकाने त्यांची शर्यत जिंकून दाखवली, दुसरा शर्यतीत उतरलाच नाही. मला दोघांचंही कौतुक आहे.

नांगरट | १० मे, दुपारी ३:४१

हे माहीत नव्हतं. हार्डी आपला माणूस.

हळदीचं_पोतं | १० मे, दुपारी ४:१०

बायकांचं काय? कुणी बोललंच नाही. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट या मुलीला सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण पडले. जाहीर कसं केलं माहितीये? 'सीनियर रँग्लरच्या वर'. पहिली म्हणायचं नाही, कारण मुली क्रमांकात धरत नव्हते. पदवी तर नाहीच. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली १९४८ मध्ये. तोवर आपल्याकडे स्वातंत्र्य येऊन गेलं होतं.

आणि ऑक्सफर्डप्रेमींसाठी: नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये तिथं कायद्याच्या परीक्षेला बसल्या. पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं. तीस वर्षं! आपण मार्कलिस्टला दोन महिने उशीर झाला की उपोषणाला बसतो.

मिरजेची_मी | १० मे, संध्याकाळी ६:२५

होडीबद्दल माझं ऐका, मग ठरवा.

आमचे हे मूळचे सांगलीवाडीचे. तरुणपणी पुरात आयर्विनवरून उड्या टाकायचे म्हणे (मी पाहिलेलं नाही, लग्नाआधीचे पराक्रम सगळे ऐकीवच असतात). केंब्रिजला सपाट बुडाची लांबोडकी होडी असते, वल्हं नाही, एक उंच बांबूसारखी काठी नदीच्या तळाला टेकवून ढकलायचं. भाच्याने सांगितलं, नावाडी घेऊया. हे म्हणाले, "कृष्णा पोहलेल्या माणसाने असल्या ओढ्यात नावाडी करायचा?" खरंच हो, ती कॅम नदी म्हणजे आपल्या ओढ्याएवढीच आहे. ऐन मधोमध कंबरेएवढं पाणी.

स्वतः होडी घेतली. पहिली दहा मिनिटं झोकात. मग काठी चिखलात रुतली. भाचा ओरडतोय, "मामा, काठी सोडा!" मामा कसले सोडतायत. भाड्याची वस्तू, हरवली तर अनामत जाईल हा विचार! होडी आमच्यासकट पुढं, हे काठीला लोंबकळत मागं. तीन-चार सेकंद तसे राहिले, देवळावरच्या झेंड्यासारखे. मग काठीने हळूहळू मान टाकली आणि हे अदबीने पाण्यात उतरले. शेजारच्या होडीतल्या जपानी बायकांनी टाळ्या वाजवल्या. दिवसभर एका दुकानातून घेतलेला विद्यापीठाचं नाव असलेला पायजमा घालून फिरले. तोच आता रोज घालून मिरजेत फिरायला जातात, लोकांना वाटतं मुलगा केंब्रिजला आहे.

काका, नावाडी करा. मोठ्या सामाईक होडीत दोन जागा मिळतात, पाऊण तासात सगळ्या कॉलेजांची मागची बाजू दिसते. ती बाजूच देखणी आहे. आणि परीक्षेच्या दिवसात आत जाता येत नाही तेव्हा तर हाच राजमार्ग. काकूंचे गुडघेही वाचतील, फक्त उतरताना हात द्या.

भावा_थांब_की | १० मे, संध्याकाळी ६:३१

"अदबीने पाण्यात उतरले" 🤣🤣 मेलो!

सांगलीवाडीचा_नावाडी | १० मे, रात्री ८:१०

वहिनी, सांगलीवाडीचं नाव घालवलं भाऊजींनी.

पण होड्यांचा विषय निघालाय तर बोलतो. आपल्याकडं पाणी चढलं की कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात, घाटावर, पुलावर माणूस मावत नाही. मला वाटायचं ऑक्सफर्ड-केंब्रिजची ती जगप्रसिद्ध शर्यत केंब्रिजलाच होत असणार. तर नाही. ती लंडनमध्ये, थेम्सवर, पटनी ते मॉर्टलेक, पावणेसात किलोमीटरच्या आसपास. १८२९ ला सुरू झाली.

केंब्रिजच्या स्वतःच्या नदीत दोन होड्या शेजारी पळवायला जागाच नाही. मग त्यांनी डोकं चालवलं. सगळ्या कॉलेजांच्या होड्या एकामागं एक, ठरावीक अंतर ठेवून उभ्या करायच्या, तोफ उडाली की निघायचं आणि पुढच्या होडीला जाऊन धडकायचं. धडक बसली की दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या जागी, ती तुमच्या मागं. चार दिवस चालतं. त्याला 'बंप्स' म्हणतात. उन्हाळ्यातल्या शर्यतीचं नाव 'मे बंप्स', आणि होते जूनमध्ये!

असली शर्यत हरिपूरच्या अरुंद पात्रात लावायला पायजे. धडकायला तर आपली पोरं एका पायावर तयार.

पुलावरून_कॉलेजला | १० मे, रात्री ८:२२

धडकायला होडी कशाला, स्टँडपासून मारुती चौकापर्यंत दुचाकीवर या.

प्रवासी_पक्षी | ११ मे, सकाळी ७:५०

क्वीन्स कॉलेजचा गणिती पूल चुकवू नका. न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला. नंतर विद्यार्थ्यांनी तो उघडून पाहिला आणि परत जोडता आला नाही, म्हणून आता बोल्ट लावलेत.

वितंडवादी | ११ मे, सकाळी ८:१४

हे होडीवाल्यांचं पुराण आहे, गेलेल्या प्रत्येकाला ऐकवतात. पूल बांधला १७४९ मध्ये, न्यूटन वारले १७२७ मध्ये. जोडायला लोखंड पहिल्यापासून होतंच. लाकूड कुजलं म्हणून दोनदा नव्याने बांधलाय. गंमत एवढीच की सरळ लाकडं जोडून कमान केलीय.

प्रवासी_पक्षी | ११ मे, सकाळी ८:२०

आमच्या नावाड्याने तर शपथेवर सांगितलं होतं. टिप परत मागतो.

वालचंदकर_८७ | ११ मे, सकाळी १०:३३

सेनेट हाउस बघणार असाल तर छपराकडे बघायला विसरू नका. १९५८ च्या जूनमध्ये इंजिनिअरिंगच्या पोरांनी एका रात्रीत त्या छपरावर ऑस्टिन सेव्हन मोटार चढवून ठेवली. अख्खी मोटार! सकाळी लोक बघतायत तर मोटार आकाशात. चढवायला एक रात्र लागली, उतरवायला प्रशासनाला जवळजवळ आठवडा. शेवटी तुकडे करून उतरवली.

आमच्या वेळी हॉस्टेलच्या पोरांनी एका सरांची लूना गच्चीवर नेली होती. सरांनी ती खाली आणायला आम्हालाच लावली आणि कप्पीचं प्रॅक्टिकल म्हणून गुण दिले.

विश्रामबागकर | ११ मे, दुपारी १२:१५ (लंडन)

सर्वांचे आभार. नांगरटसाहेब, तुमचं म्हणणं मनावर घेतलंय, परतल्यावर त्यावर वेगळा धागा काढू. तिकिटं काढली, येत्या मंगळवारची. सौ.ने प्रश्न विचारलाय: न्यूटनचं सफरचंदाचं झाड खरंच तिथं आहे का, आणि फळ खाली पडलेलं घेतलं तर चालतं का?

थेम्सकाठची_सुगरण | ११ मे, दुपारी १:०५

ट्रिनिटीच्या दाराशेजारी एक झाड आहे. न्यूटनच्या गावच्या झाडाचं कलम. न्यूटनच्या डोक्यावर वगैरे काही पडलेलं नाही त्याचं. मेमध्ये सफरचंदं नसतात काकू 😀 त्याच दारावर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे, त्याच्या हातात राजदंड असायला हवा, आहे खुर्चीचा पाय! कुणा विद्यार्थ्याने बदलला म्हणतात. तो नक्की बघा, त्याला तिकीट नाही.

कृष्णाकाठ | ११ मे, दुपारी १:०९

भडंग.

विश्रामबागकर | १७ मे, रात्री ११:२०

जाऊन आलो. मंगळवारीच गेलो होतो, लिहायला चार दिवस लागले कारण सौ.च्या गुडघ्यांनी बुधवार-गुरुवार संप केला.

गाडीतून उतरलो तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती सायकली. शेकडो. एकावर एक रचलेल्या. मला एकदम १९७० ची सांगली आठवली. सौ. म्हणाली, "एवढे शिकलेले लोक, आणि एकाकडेही गाडी नाही?"

सुगरणबाईंचा अंदाज शंभर टक्के बरोबर. प्रत्येक कॉलेजच्या दारात पाटी: परीक्षा चालू आहेत, शांतता राखा, प्रवेश बंद. एका दारावरच्या रखवालदाराने सौ.चा चेहरा बघून आपली खुर्ची बाहेर आणून दिली. ती बसली, मी उभ्या उभ्या फाटकाच्या गजांतून आतली हिरवळ बघत राहिलो. त्या हिरवळीवर चालायचा हक्क फक्त तिथल्या फेलोंना, म्हणजे कॉलेजच्या मास्तर मंडळींना असतो, बाकीच्यांनी कडेकडेने जायचं. सातारी कंदी, तुमच्या आजोबांचा प्रश्न मी रखवालदाराला विचारला. पाणी घालायला माळी आहेत, आणि बहुतेक वेळा पाऊसच घालतो म्हणाला.

हेन्रीचा पुतळा पाहिला. खुर्चीचा पाय आहे. कॉर्पस क्रिस्टीच्या कोपऱ्यावर सोन्याचा मुलामा दिलेलं एक मोठं घड्याळ आहे, त्याला काटे नाहीत, वर एक अक्राळविक्राळ नाकतोडा बसलाय आणि तो एकेक सेकंद खातो. २००८ मध्ये स्टीफन हॉकिंगच्या हस्ते बसवलं. मुद्दाम असं केलंय की ते मध्येच अडखळतं, धावतं, आणि दर पाच मिनिटांनी एकदाच बरोबर वेळ दाखवतं. सौ. त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "आमच्या बँकेतलं घड्याळ दिवसातून दोनदा तरी बरोबर असायचं." मी म्हटलं, अगं हे त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर असतं. ती म्हणाली, "मग एवढं कौतुक कशाचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

होडी घेतली, नावाडी असलेली. नावाडी इतिहास शिकणारा मुलगा होता. गणिती पुलाखाली आल्यावर त्याने न्यूटनची कथा सुरू केली. मी १७२७ म्हटल्यावर हसला आणि म्हणाला, बहुतेक लोक एवढी चौकशी करत नाहीत. मिरजेच्या वहिनी, आमच्या मागच्या होडीत एक गृहस्थ काठी सोडत नव्हते. तुमच्या यजमानांची आठवण काढली.

आणि सेनेट हाउस. किंग्जच्या पुढ्यात रस्त्याकडेला बुटका दगडी कठडा आहे, सगळं जग त्यावर बसून खातं. आम्ही बसलो, डबा उघडला. भडंग होतं, कृष्णाकाठ, होतं. दोन कबुतरांनी हल्ला केला, शेंगदाणे तेवढे नेले. तिथून उजव्या हाताला पांढऱ्या दगडाची, खांबांची इमारत, पुढं हिरवळ, लोखंडी कुंपण, फाटकाला कुलूप. चिटपाखरू नाही. पाट्या नाहीत, परांजप्यांचं नाव नाही, मी तशी अपेक्षाही केली नव्हती. लोक तिच्याकडे पाठ करून चॅपलचे फोटो काढत होते.

१८९९ च्या जूनमध्ये अंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावचा तेवीस वर्षांचा मुलगा इथं कुठंतरी उभा असेल आणि आतून आपलं नाव ऐकू येतंय का याकडे कान लावून असेल, एवढंच डोक्यात आलं. आणि मास्तर आठवले. त्यांचं इंटरही पूर्ण झालं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. ते आम्हाला चिडवत होते की स्वतःलाच काही सांगत होते, कोण जाणे.

संध्याकाळी चॅपलला प्रार्थनेला बसलो. छत बघून मान दुखली. दगडाचे पंखे उलगडून एकाला एक लावलेत असं वाटतं. १४४६ ला पाया घातला आणि दगडी काम पुरं व्हायला १५१५ आलं, मध्ये राजे बदलले, लढाया झाल्या. लहान मुलं गात होती. अक्षर कळलं नाही. सौ. म्हणाली, काकड आरतीला गणपतीच्या देवळात जसा गारवा असतो तसा आहे. दिवसभरातलं तिला सगळ्यात आवडलेलं हेच.

वितंडवादी | १८ मे, सकाळी ७:०२

छान लिहिलंत. फक्त एक: परांजप्यांबरोबर त्या वर्षी बर्टव्हिसल नावाचा आणखी एक विद्यार्थी बरोबरीने सीनियर रँग्लर होता. मी वर "सीनियर रँग्लर एक" असं ठोकून दिलं होतं ते चुकलं. दुरुस्ती करतो.

भावा_थांब_की | १८ मे, सकाळी ७:१५

या रँग्लर, फळ्यापाशी या!

नांगरट | १८ मे, सकाळी ९:४०

मास्तरांचा परिच्छेद वाचला. आमच्या शाळेतही असे एक होते. धागा काढा काका, वाट बघतो.

सातारी_कंदी | १८ मे, सकाळी १०:११

रखवालदाराला खरंच विचारलंत?! आजोबा खूश झाले असते. जाता जाता: आमच्या महाजनींचं कॉलेज सेंट जॉन्स पाहिलंत का?

विश्रामबागकर | १८ मे, दुपारी १:३०

होडीतून पाहिलं, त्यांच्या छत असलेल्या पुलाखालून गेलो. सातारकरांसाठी हात जोडले.

विश्रामबागकर | १८ मे, दुपारी ४:५५

नमस्कार, मी सौ. लिहितेय. हे झोपलेत आणि यांचं खातं उघडंच आहे.

यांनी एक गोष्ट लिहिलेली नाही. सेनेट हाउसच्या बाजूला एक मनोरे-मनोरे असलेली उंच, नक्षीदार इमारत आहे, ते दुसरंच एक कॉलेज आहे. हे आधी तिच्यासमोर वीस मिनिटं उभे होते. चष्मा काढून पुसला. फोटो काढले. मला सांगितलं, "इथंच बरं का, इथंच नाव वाचलं." मी नमस्कारही केला. मग एका चिनी मुलीला आमचा दोघांचा फोटो काढायला सांगितलं तेव्हा तिने फोनवरचा नकाशा बघून सांगितलं की आजोबा, सेनेट हाउस ते शेजारचं.

यांच्या शाळेच्या ग्रुपवर पाठवलेला फोटो त्या पहिल्या इमारतीचा आहे. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

कृष्णाकाठ | १८ मे, संध्याकाळी ५:०१

वहिनी, मी त्याच ग्रुपवर आहे.